एक मेंढरू कमी

खरं तर हे लिहिणारच नव्हतो, पण राहवलं नाही.

वारज्याच्या फ्लॅटवर तेजसचा कुत्रा भुऱ्या आठवडाभर दाराशी ठाण मांडून होता. खाणं बंद, जिन्याकडे तोंड करून नुसतं भुंकणं. "रविवारपर्यंत कुत्रा हलवा," सोसायटीने बजावलं. जागरणाने डोळे सुजलेला तेजस त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"लॅब्रॅडोर आहे," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं तुम्हाला? धनगरी मिक्स आहे हा. मेंढ्या राखणारी जात. घरातलं कोणी गेलंय का?"

"रूममेट, आनंद. भांडून गेला."

"मग हा आजारी नाही. याचं एक मेंढरू हरवलंय."

तेजसने तिथूनच आनंदला फोन लावला. "चूक तुझीच होती. पण ये बाबा घरी. पुन्हा तुला निघ म्हणणार नाही, शब्द देतो."