किती उरलं?

टँकरच्या फेऱ्या आखणारा प्रोग्राम आज दिला नाही, तर उद्या औशाच्या आसपासची गावं तहानलेलीच राहणार होती. आणि शेषेराव ज्या एडिटरमध्ये तो लिहीत होता, तो चार अक्षरं टाइप केली की अडकून बसत होता. कॉम्प्युटरची मेमरी काठोकाठ भरलेली. एडिटरला हौसेनं जोडलेली एकेक एक्स्टेन्शन तो काढत सुटला. रंगांची गेली, शब्द सुचवणारी गेली, तरी फरक पडेना. शेवटची काढली आणि एडिटर वाऱ्यासारखा पळायला लागला. शेषेरावनं मोठा सुस्कारा सोडला, काम धाडून दिलं आणि एकटाच खो खो हसत बसला.

"काय झालं रं?" चुलीजवळून तुळजाबाईनं विचारलं.

"माय, समदी मेमरी ती शेवटची एकटीच खाऊन बसली होती. अन् तिचं काम काय, तर मेमरी किती उरली ते सांगायचं!"

तुळजाबाईला काहीच नवल वाटलं नाही.

"त्यात हसतूस काय? परवा गावात पाणी किती उरलं ते बघायला जीपभर सायेब आल्ते. आपला रांजण त्यांच्या चहापाण्यातच खाली झाला की!"