तिसरी चौकट

साथीच्या गणितावरच्या कार्यशाळेत सरांनी फळ्यावर तीन चौकटी काढल्या. ताप न आलेले, ताप आलेले आणि त्यातून सुटलेले.

"सुटलेले म्हणजे बरे झालेले ना?" पहिल्या रांगेतल्या प्राध्यापिकेने विचारलं.

"बरे झालेले आणि गेलेलेही. दोघांकडूनही पुढे लागण होत नाही, त्यामुळे गणिताला काही फरक पडत नाही."

तिचा चेहरा उतरला. सर तसे मनाने मऊ. लगेच खडू उचलून म्हणाले, "खटकत असेल तर मधोमध रेघ मारू. गेलेले वेगळे."

गेल्या साथीत ती आणि नवरा, दोघेही तापात, एकाच गाडीतून दवाखान्यात गेले होते. घरी मात्र ती एकटीच परतली.

"नको, सर," ती घाईने म्हणाली. "राहू द्या आम्हाला एकत्र."