सदर स्त्री

वकीलबाई कागद वाचत होत्या आणि वेलांटीकाका त्यांचं बोट पाहत होते. बोट ओळीखालून एकेका शब्दाने सरकत होतं, कुठे उडी मारत नव्हतं. काकांना बरं वाटलं. चेहऱ्यावर मात्र त्यांनी ते दिसू दिलं नाही, कारण ते वकिलाची परीक्षा घ्यायला आले होते आणि पेपर अजून संपला नव्हता.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी भल्याभल्या लेखकांच्या नाकी नऊ आणले होते. वेलांटीकाका हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. आता शहात्तराव्या वर्षी त्यांना आपलं मृत्युपत्र करायचं होतं. मसुदा स्वतःच लिहिला होता, दीड पान, एकही खाडाखोड नाही. वकीलच धड मिळेना. पहिल्याने फोनवर बोलता बोलता कागद उलटून पाहिला आणि "होऊन जाईल" म्हणाला. काकांनी तिथेच नमस्कार केला. दुसऱ्याने वाचला खरा, पण जिथे जिथे 'माझी मुलगी' होतं तिथे तिथे लाल रेघ मारून वर लिहिलं, 'सदर स्त्री'. काका समोर आलेला चहाही न घेता उठले आणि घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून दीड पान लिहून काढलं.

"घर मुलीला द्यायचंय," वकीलबाई मान वर करून म्हणाल्या. "दत्तकाचा कागद आहे?"

"राहून गेला." काका जरा वरमले. "आमच्या बाइंडरची पोर. बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती. त्या दिवशी जेवायला म्हणून घरी आणली, ती राहिलीच."

"आणि रक्ताचं कोण?"

"पुतण्या," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द अशुद्ध असल्यासारखाच बाहेर पडला.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला आणि बाईचा खणखणीत आवाज आला, "काकाऽ, रस्ता अडलाय! मी गाडी मागे घेऊन कोपऱ्यावर लावते!"

काका लगबगीने खिडकीशी गेले. मागोमाग वकीलबाईही. खाली गल्ली केवढी, आणि तिच्यात उभी क्रेन केवढी! एका बाजूला दुरुस्तीला आलेल्या सायकलींची रांग, दुसऱ्या बाजूला दुकानांच्या पायऱ्या. सायकलवाला भांडायच्या तयारीने बाहेर आला होता. क्रेनमधल्या बाईने एकदा या आरशात पाहिलं, एकदा त्या आरशात, आणि ते धूड एका दमात मागे नेलं. एका सायकलीचं हँडलसुद्धा हललं नाही. सायकलवाला आल्या पावली आत गेला.

"मुलगी," काका म्हणाले. त्यांची छाती इतकी फुगली होती की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. "नव्या पुलाचे खांब तीच उचलते. कामावर जाता जाता मला सोडलं."

"तुम्हाला काका म्हणते."

"सगळेच म्हणतात."

"पुतण्याचा वकील हेच उकरून काढेल." वकीलबाई खुर्चीत जाऊन बसल्या. "म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, परक्या बाईला पोटची मुलगी समजत होता. त्या एका शब्दावरून सगळा कागद उडवायला बघेल."

"शब्द जाणार नाही!" काकांचा आवाज चढला. "घर तिला मिळालंच पाहिजे, आणि मुलगी म्हणून मिळालं पाहिजे. दोन्ही जमत असेल तर बोला. नाहीतर मी निघालो."

"बसा हो. शब्द काढा म्हणतंय कोण? तुम्हाला भ्रम नव्हता, एवढं त्याच्या शेजारी लिहून ठेवू. डॉक्टरांचा दाखला जोडू, साक्षीदार दोन्ही बाहेरचे घेऊ. आणि सह्या होईपर्यंत मुलीने हा जिना चढायचा नाही." बोलता बोलता त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद काकांकडे फिरवला.

'ती माझ्या पोटची नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरी मी लिहून ठेवतो की ती माझी मुलगी आहे.'

काका पहिल्या चार शब्दांपाशीच अडकले. एकोणतीस वर्षांत त्यांच्या घरात हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना ते फार लागलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. वेलांट्या बरोबर. स्वल्पविराम जागच्या जागी. खोडायला काही सापडेना, आणि ही ओळ खोडली तर घर पुतण्याच्या घशात जाणार, हेही कळत होतं.

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, मधला एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला आणि कागद परत सरकवला.

"पुढचं सगळं काम तुम्हीच करा, बाई. एवढा एक शब्द तेवढा बदललाय."

वकीलबाईंनी ओळीखाली बोट धरलं. "'तरी'च्या जागी 'म्हणून'? अहो, 'तरी'त कायद्याने काही चुकत नाही."

"कायद्याने नसेल. पण 'तरी' म्हटलं की मी तिच्यावर उपकार केल्यासारखं होतं."

"पण 'म्हणून' कसं बसेल? पोटची नाही, म्हणून लिहून ठेवतो?"

"मग काय!" काका ताठ बसले. "पोटची असती तर लिहावं लागलं असतं का?"