सव्वासातचा निरोप

"चौथा नियम काही मला पटत नाही," प्रमुख म्हणाले. "नीट चालणारी चाचणी मुद्दाम कशाला मोडायची?"

ऑफिसात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. सॉफ्टवेअर आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट, नव्या लोकांनी कशा लिहाव्यात, याचे नियम ती आठवडाभर लिहीत होती. एका चाचणीने एकच गोष्ट तपासावी. आपला पसारा आपणच आवरावा. दुसऱ्या चाचणीच्या भरवशावर राहू नये. आणि चौथा: जी चाचणी नापास झालेली कधी पाहिली नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

"काही चाचण्या नुसत्या माना डोलावतात," ती म्हणाली. "त्यांना नाही म्हणता येतं का, ते एकदा तरी बघायला नको?"

"एखादं उदाहरण द्या. मग ठेवू नियम."

उदाहरण तिच्या घरातच होतं. वडील तीन तासांच्या अंतरावर एकटे राहत. हृदयाची गोळी रोज सकाळी घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. आधी ती स्वतः विचारायची. मग कामाच्या रगाड्यात दोन-तीनदा विसरली आणि इतकी ओशाळली, की तिने एक स्क्रिप्टच लिहून टाकली. सव्वासातला स्क्रिप्ट निरोप पाठवी, 'बाबा, गोळी घेतली का?' उत्तर आलं की तिच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका, नाही आलं तर लाल. दीड वर्षात लाल कधी झाला नव्हता. निरोप उघडून बघणं तिने केव्हाच सोडलं होतं. चहाचा कप घेऊन ती ठिपका बघे आणि निर्धास्त कामाला लागे. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तेच बरं, असं तिला वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रश्न पाठवणारा भाग तेवढा बंद केला. प्रश्नच नाही तर उत्तर कुठलं? ठिपका लाल व्हायला हवा होता.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारत अर्धीच उरली होती. तिच्या डोळ्यांवरची झोप अजून उतरली नव्हती. सात वाजून सोळा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला.

तिने निरोप उघडला. 'हो, घेतली.'

वडिलांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. मागच्या खेपेला त्यांनी मोठ्या हौसेने विचारलं होतं, "यंत्राला रोजची सवय कशी लावतात गं?" फोनकडून ठरल्या वेळी आपोआप काम कसं करवून घ्यायचं, हे तिने कौतुकाने शिकवलंही होतं. ते आठवलं आणि तिने लगेच त्यांना फोन लावला. उत्तर यंत्र देत असेल, तर माणूस कुठे होता? आणि कधीपासून?

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

वडिलांकडे निघालेल्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकताच तिला पेंग आली. वडिलांच्या खोलीत सगळी घड्याळं चालू होती, खुर्ची रिकामी होती, आणि टेबलावरचा फोन कुणाचा हात न लागता लिहीत होता, 'हो, घेतली. हो, घेतली.' ती दारातून हाका मारत होती आणि प्रत्येक हाकेला तेच उत्तर येत होतं. जाग आली तेव्हा गाल ओले होते. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

दार वडिलांनीच उघडलं. अर्ध्या दाढीला साबण होता.

"अगं, तू? सुट्टी आहे का आज?"

ती त्यांना बिलगली. साबण तिच्या केसांना लागला. मग तिला रागच आला.

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"बागेत होतो गं. फोन आत."

"बाबा, खरं सांगा. सकाळची उत्तरं यंत्र देतं ना?"

"यंत्र कशाला? चष्मा लावून एका बोटाने मीच लिहितो. पुरतं एक मिनिट लागतं मला."

तिचा जीव भांड्यात पडला. पण हाडाची तपासनीस, तिला राहवेना.

"मग आज कसं लिहिलंत? आज मी प्रश्न पाठवलाच नव्हता."

वडिलांनी टॉवेलने सावकाश गाल पुसला.

"आजच कुठे," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यापासून तुझा प्रश्न येतच नाही. कामात असशील, म्हणून मी आपला रोज सांगून ठेवतो."