बेवारस कोट

"हे काम आपल्या गावचं नाही," कोट उलटा करून बघत टेलरमास्तरांनी ठोकून दिलं.

समोर बसलेल्या नर्सबाईंनी चष्मा पुसला. "मग कुठलं?"

"बंदराकडचं असेल. शोधावं लागेल."

दोघंही निवृत्त, सत्तरी ओलांडलेली. या वयात माणसं गुडघे सांभाळत बसतात. ही जोडी दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसत हिंडायची. हरवलेलं मांजर, पळवलेली सायकल, सगळ्याचा छडा लावलेला. म्हणून तर फौजदाराने हा कोट आणून दिला होता. पुलाखाली चाळिशीचा एक माणूस थंडीने गेला. ओळख पटली नाही, बेवारस म्हणून त्याचे अंत्यसंस्कारही उरकले. "घरच्यांना कळायला तरी हवं," फौजदार म्हणाला होता.

कोट हातात घेताच मास्तरांनी तो ओळखला होता. डाव्या खांद्याखाली कापसाचा जास्तीचा थर होता. तो त्यांनीच घातला होता. ज्याच्यासाठी कोट शिवला, त्याचा तो खांदा जन्मापासून उतरता होता.

तो बाईंचा एकुलता एक मुलगा. परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे, बिचाऱ्याला फोन करायलाही सवड मिळत नाही, असं बाई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मास्तरांची जीभ रेटेना.

मग रोज नवी थाप सुरू झाली. बंदरावरचे शिंपी झाले, जुन्या कपड्यांचा बाजार झाला, लाँड्र्या झाल्या. मास्तरांनी बाईंना उगाचच वणवण फिरवलं. बाई एकदाही कुरकुरल्या नाहीत. उलट सकाळी दारात हजर. "चला मास्तर, आज कुठे?"

ते ऐकलं की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी पायांनी दगा दिला. एका दुपारी ते आपल्या बंद दुकानाच्या पायरीवरच बसले.

"बाई, मी हात टेकले. नाही सापडत त्याचं कुणी. कोट उद्या चौकीत परत देऊन टाकतो."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही शोधत होतात, तोवर तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता, मास्तर. आता द्या इकडे. माझ्या पोराला घरी नेते."