विरोधात एक मत
डेअरीतल्या शेवटच्या साहेबाला घरी बसवून सहा वर्षं झाली होती. आता सगळे कामगार कानामागच्या चिपमधून मत द्यायचे आणि ठरावाशिवाय दारसुद्धा उघडत नसे. ही पद्धत कुमुदिनीबाईंनीच आणली होती. शीतगृहात अमोनिया गळला, तेव्हा नेमक्या त्याच आत अडकल्या.

“दार उघडा रे, मेले मी!” त्या चिपमध्ये ओरडल्या.

“बाई, रीतसर ठराव मांडा ना,” पॅकिंगमधला दिगंबर म्हणाला. “वायू आमच्याकडे आला म्हणजे?”

बाईंनी ठराव मांडला. तो बहुमताने फेटाळला गेला. पाठोपाठ बाईंना श्रद्धांजली वाहण्याचा ठराव आला. विरोधात एकच मत पडलं, ते बाईंचं. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. कानातली कुजबुज थांबली आणि बाईंना दारावरचे आपलेच ठोके फार स्पष्ट ऐकू आले.