कवड्या टाकणारा हात

दिंद्रुडच्या धर्मराज सुताराच्या बायकोचा, भिवराबाईचा, उजवा हात लकव्यानं गेला आणि नवरा-बायकोचा रोज दुपारचा कवड्यांचा डाव बंद पडला. त्यानं पडवीत काम मांडलं. सागाच्या पट्ट्या सांध्यांत हलतील अशा एकमेकींना जोडल्या, भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटार बसवली. शेजारची मंगल त्याचं ताट पडवीत आणि भिवराबाईचं आत नेऊन द्यायची. दोन महिन्यांनी बटण दाबलं की कवड्या टाकणारा लाकडी हात तयार झाला.

त्याच दुपारी त्यानं तिच्यापुढं पट मांडला.

"दाब."

तिनं बटण दाबलं. हात करकरत वर गेला, कवड्या पटावर पडल्या. तासाभरात भिवराबाईनं डाव जिंकला, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"कावून गं? आवडला न्हाई का?"

"हात लई चांगला हाय," ती सोंगट्या गोळा करत म्हणाली.



"पर कवड्या मी डाव्या हातानं बी टाकल्या असत्या. दोन महिने समोर कुणी बसलंच न्हाई."